तार्गा आणि मंडळी

जुन्या जर्मेनिक बोलींत ‘तार्गा’ म्हणजे कड. फळ्यांच्या गोलाला कड बसवली की ढाल तयार होते, म्हणून कडेचं नाव ढालीला पडलं. फ्रँक टोळ्यांनी हा शब्द गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये नेला. तिथे त्याचा ‘तार्ज’ झाला आणि फ्रेंच सरदारांच्या झुंजी, चिलखतं, चालीरीती जिथे जिथे गेल्या तिथे तिथे तोही गेला : इंग्लंड, इटली, स्पेन, पोर्तुगाल. जर्मनीत तर तो पाहुणा होऊन परत आला आणि तिथून पोलंड, बोहेमिया, हंगेरीपर्यंत पोचला.

पुढे बंदुका आल्या आणि ढाल खुंटीवर गेली. नाव मात्र बेकार बसलं नाही. चपटी, गोल, कडेची, नाव लिहिण्याजोगी जी वस्तू दिसेल तिला ते जाऊन चिकटलं. त्या वस्तूंच्या या नोंदी. बऱ्याचशा गेल्या, काही जायच्या वाटेवर आहेत. एखाददुसरी अजून धडधाकट आहे. नात्यातली म्हणून तिचंही नाव घातलं.

व्हायोलिनची बाजू

हा घरीच राहिलेला भाऊ. जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या ‘त’चा ‘त्स’ होतो, म्हणून हा ‘त्सार्ग’. हा कधी ढाल झालाच नाही. दाराची चौकट, डब्याची कड, टेबलाच्या फळीखालची पट्टी अशा कामांत राहिला. त्याचा सगळ्यात नाजूक अवतार व्हायोलिनमध्ये आहे : पोट आणि पाठ यांना जोडणारी बाजूची पट्टी.

मेपलच्या लाकडाची ही पट्टी साधारण १ मिलिमीटर जाड आणि ३० मिलिमीटर उंच. ती ओली करायची, तापलेल्या लोखंडी नळीवर टेकवायची आणि लाकूड ‘हो’ म्हणेपर्यंत थांबायचं. वाफ येते, लाकूड किंचित करपल्याचा वास येतो आणि मग पट्टी एकदम मऊ होऊन वळते. घाई केली तर मेपलच्या लाकडातल्या लाटांसारख्या रेषांवरच चीर जाते. असे सहा तुकडे वळवून साच्याभोवती लावले की व्हायोलिनची कंबर दिसू लागते.

बव्हेरियातलं मिटेनवाल्ड हे या कामाचं गाव. माटियास क्लोट्स (१६५३ ते १७४३) या कारागिरानं तिथे हा धंदा रुजवला. पुढे घरोघर व्हायोलिनं होऊ लागली, व्यापारी ती गोळा करून जगभर पाठवू लागले. ती घरगुती कारखानदारी संपली. १८५८ साली निघालेली व्हायोलिनची शाळा आहे, आणि तिथली मुलं अजून तापल्या नळीवर त्सार्ग वळवतात.

ताकाच्या पिंपावरचं झाकण

पश्चिम युरोपातल्या बाकीच्या फौजांनी ढाल टाकून दिली तरी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, हायलँड्समध्ये, ती अठराव्या शतकापर्यंत टिकली. तिचं नाव टार्ज.

दीड ते पावणेदोन फूट व्यासाचा गोल. ओक किंवा पाइनच्या पातळ फळ्यांचे दोन थर. एका थराच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे तलवारीचा वार एका रेषेत फाटत जात नाही. थर लाकडी खुंट्यांनी एकमेकांत ठोकलेले. वर गाईचं कातडं ताणलेलं आणि त्यावर एकमेकांत गुंतलेल्या वेलींची दाबून काढलेली नक्षी. नक्षीभोवती पितळी खिळ्यांची वर्तुळं. मधोमध पितळी उंचवटा. काही ढालींत त्या उंचवट्यात मळसूत्र असे, त्यात लांब सुळा फिरवून बसवायचा. एरवी तो ढालीच्या पाठीमागे म्यानात. पाठीला हरणाचं कातडं आणि हाताला टोचू नये म्हणून आत भरण. एका पट्ट्यात कोपराखालचा हात, दुसरा मुठीत, आणि त्याच मुठीत टोक खाली करून धरलेला खंजीर. उजव्या हातात रुंद तलवार. डोंगरउतारावरून आरडाओरडा करत धावत यायचं, समोरच्याची संगीन ढालीवर घ्यायची, ती बाजूला ढकलायची आणि तलवार चालवायची, अशी ही लढाई.

१६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर ती लढाई संपली, तासाभराच्या आत. ब्रिटिश सरकारच्या फौजेला नवी कवायत शिकवलेली होती : समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाऊ नका, तुमच्या उजव्या हाताच्या माणसावर धावून येणाऱ्याला संगीन खुपसा. कारण त्याची तलवार उगारलेली असते, ती बगल उघडी असते आणि ढाल दुसऱ्या हाताला असते. या कवायतीनं प्रत्यक्षात किती माणसं पडली यावर इतिहासकार वाद घालतात; तोफा आणि बंदुकांनीच बहुतेक काम आटोपलं होतं. पण ढालीच्या रचनेतलं वैगुण्य एखाद्या सेनापतीनं इतक्या थंडपणे वाचल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

हायलँडरांची हत्यारं काढून घेण्याचा कायदा १७१६ पासूनच होता आणि त्यात तलवारीच्या शेजारी ढालीचंही नाव घातलेलं होतं. ढाल हे संरक्षणाचं साधन, पण कायद्याच्या लेखी तेही हत्यारच. कलोडननंतर कायदा आणखी कडक झाला. १७७३ मध्ये सॅम्युअल जॉन्सनबरोबर हायलँड्समध्ये फिरलेल्या जेम्स बॉस्वेलनं आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय, की आता तिथे ढाल शोधूनही सापडत नाही. हत्यारबंदीनंतर लोकांनी त्या ताकाच्या पिंपांवर झाकण म्हणून घातल्या. गोल, जड, कातड्यानं मढवलेली. मापही बरोबर बसलं असणार.

ज्याच्या घराण्याला ब्रिटनची गादी परत मिळावी म्हणून ही सगळी लढाई झाली त्या राजपुत्र चार्ल्सची टार्ज एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चांदीनं मढवलेली, मधोमध सापांच्या केसांची मेड्युसा. तिच्यावर ताकाचे शिंतोडे उडाले नाहीत.

गल्याथची टार्गेट

‘टार्ज’ला लहानपणाचा प्रत्यय लागून ‘टार्गेट’ झाली. लहान ढाल. इंग्रजीत काही शतकं हा शब्द एवढाच अर्थ सांगत होता.

१६११ च्या इंग्रजी बायबलात शलमोन राजा ठोकलेल्या सोन्याच्या २०० टार्गेट करवतो, एकेकीला ६०० शेकेल सोनं. मूळ हिब्रूत ढालींचे दोन प्रकार दोन शब्दांनी सांगितलेत, म्हणून अनुवादकांना इंग्रजीतही दोन शब्द हवे होते. त्यांनी एकाला शील्ड दिलं, दुसऱ्याला टार्गेट. गंमत म्हणजे हिब्रूतली ती दुसरी ढाल मोठी, अंगभर झाकणारी होती. तिच्या वाट्याला लहान ढालीचं नाव आलं. धिप्पाड योद्धा गल्याथ याच्या खांद्यांच्या मध्येही याच अनुवादात पितळेची टार्गेट लटकते. तिथे मूळ शब्द ढालीचा नाहीच. हल्लीचे अनुवादक भाला लिहितात.

शेक्सपिअरचा फॉलस्टाफही ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात सात जणांच्या तलवारींची टोकं आपल्या टार्गेटवर घेतल्याच्या थापा मारतो. शाळकरी मुलांना आता तिथे तळटीप लागते, नाहीतर हा लठ्ठ गृहस्थ गोळीबाराच्या मैदानावर काय करतोय असं त्यांना वाटेल.

अठराव्या शतकात इंग्लंडात धनुर्विद्या श्रीमंतांचा खेळ झाली. पेंढ्याच्या गोल चकतीवर एकात एक वर्तुळं रंगवायची आणि तिच्यावर बाण मारायचे. ती चकती ढालीसारखी दिसते म्हणून तिला टार्गेट म्हणू लागले. मार अडवणारी वस्तू मार खाणारी झाली आणि पुढे जुना अर्थ कुणाच्या लक्षातही राहिला नाही. विसाव्या शतकात कारखान्यांच्या उत्पादनाला आणि विक्रीच्या आकड्यांना हाच शब्द लागला. आपल्याकडे विमा एजंटापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या मानगुटीवर मार्चएंडला जे बसतं ते हेच. ‘टार्गेट पूर्ण झालं का?’ असं विचारणारा साहेब आणि हातात ढाल घेतलेला फ्रँक शिपाई यांच्यात दीड हजार वर्षांचं अंतर आहे. शिपायाचं बरं होतं असं कधी कधी वाटतं.

वेल्समधलं एक साप्ताहिक

वेल्श भाषेत ढालीला ‘तारियान’ म्हणतात. शब्द इंग्रजांकडून फार पूर्वी घेतलेला, मधला ‘ग’ झिजून गेलेला. १८७५ मध्ये अबरडेअर गावातून कोळसा खाणी आणि पत्र्याच्या कारखान्यांतल्या मजुरांसाठी वेल्श भाषेत एक साप्ताहिक निघालं, त्याचं नाव ‘मजुराची ढाल’ : ‘तारियान अ ग्वेइथ्युर’. पुढे नाव आखडून नुसती ‘ढाल’ राहिली. १९३४ मध्ये बंद पडलं. खाणीही नंतर बंद पडल्या.

शाळेच्या बाहीवरची तार्चा

फ्रेंच ‘तार्ज’ जर्मनीत पोचला तो घोड्यावरच्या झुंजींबरोबर. तिथे त्याचा ‘तार्चे’ झाला : लहानशी, किंचित वाकलेली, रंगवलेली ढाल, वरच्या कोपऱ्यात भाला टेकवायला खाच कापलेली. ही वस्तू पुढे मावळली. पण तोवर पोलिश लोकांनी शब्द उचलला होता.

पोलिशमध्ये ‘तार्चा’ किती कामं करते बघा. ढाल, नेमबाजीचं लक्ष्य, घड्याळाची तबकडी, लोखंड कापायच्या यंत्राची गोल चकती. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी म्हणजे ‘तार्चित्सा’. थायरॉइड हे नावही ग्रीकांच्या दारासारख्या उभट ढालीवरूनच आलेलं, त्यामुळे पोलिश डॉक्टर नकळत मूळ अर्थाला धरून बोलतात. २०२० मध्ये कोविडच्या काळात पोलिश सरकारनं धंद्यांना मदत देणारा कायदा केला, त्यालाही तार्चाच म्हटलं.

या मंडळींतली गेलेली तार्चा शाळेची. १९३० च्या दशकात पोलंडमध्ये शिक्षणपद्धती नव्यानं बांधली गेली तेव्हा मुलांच्या बाहीवर कापडी बिल्ला आला, ढालीच्या आकाराचा, शाळेचा क्रमांक लिहिलेला. गिम्नाझियमला निळा, लिसेउमला तांबडा. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीतही तो चालू राहिला. नियम असा, की तार्चा बाहीला शिवलेली हवी. मुलांची रीत अशी, की ती सेफ्टी पिननं नाहीतर टिचबटणानं लावायची, म्हणजे शाळा सुटली की काढून खिशात टाकता येते आणि रस्त्यात सिगारेट ओढताना कुठल्या शाळेचे ते कळत नाही. मग फाटकात उभा राहिलेला शिक्षक बाही ओढून बघे. ऐंशीच्या दशकात हा बिल्ला हळूहळू सुटला. आता तो जुन्या बाजारात मिळतो. आजोबांच्या पिढीतली माणसं तो हातात घेऊन आधी पाठीमागची शिवण तपासतात.

हा शब्द आपल्या मातीतही बोलला गेलेला असणार. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटून आलेल्या पोलिश निर्वासितांची मोठी छावणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती. १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांनी तिथे पोलिश शाळा चालवल्या. पंचगंगेच्या काठावर कुणीतरी पोरानं घड्याळाची तार्चा बघून वर्गाकडे धूम ठोकली असेलच.

नंबर फिरवणे

हंगेरीत तीच ‘तार्चा’, फक्त शेवटचा स्वर ‘ऑ’कडे झुकलेला. एके काळी ही हुसार घोडेस्वारांची ढाल होती, मागची वरची कड पंखासारखी उंच गेलेली, म्हणजे पळताना मानेवर पाठीमागून वार पडला तरी तो तिच्यावर यावा. त्या ढाली आता संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत. नंतर हंगेरियनमध्ये कुठल्याही गोल चकतीला हा शब्द लागला : नांगराची चकती, गाडीच्या ब्रेकची चकती आणि टेलिफोनची तबकडी.

तबकडीचं काम ज्यांनी केलंय त्यांच्या बोटांना अजून आठवत असेल. भोकात बोट घालून तबकडी अडसरापर्यंत फिरवायची, तेव्हा आतली स्प्रिंग आवळते. बोट सोडलं की ती आपल्या गतीनं परत येते, आणि हे परत येणंच कामाचं. परत येताना ती तारेतला प्रवाह तोडत-जोडत जाते. ३ साठी तीन वेळा, ७ साठी सात वेळा, ० साठी दहा वेळा, सेकंदाला साधारण दहाच्या वेगानं. वेग सांभाळायला आत एक छोटं फिरतं वजन असतं, त्याची ती किर्रर्र. एक्स्चेंजमध्ये बसलेलं यंत्र हे खटके मोजतं. म्हणून घाईत तबकडी हातानं मागे ढकलली की नंबर चुके. नंबरात शून्य फार असली की वैताग येई तो याच कारणानं.

फोन गेले, पण हंगेरियन माणूस अजून ‘तार्चाझ्नी’ करतो, म्हणजे तबकडी फिरवतो, भले हातात काचेचा तुकडा असेल. आपणही ‘जरा फोन फिरव त्याला’ असंच म्हणतो. फिरवायला काहीच उरलेलं नाही आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

खिडकीची कडी

फ्रान्समध्ये ‘तार्जेत’ म्हणजे लहान चपटी कडी, पत्र्याच्या तबकावर सरकणारी. तबक ढालीसारखं दिसतं म्हणून हे नाव. जुन्या घरांच्या खिडक्यांना आणि संडासाच्या दाराला असते. शिवाय ‘स तार्गे’ असं एक क्रियापद उरलंय, त्याचा अर्थ फुशारकी मारणं. मूळ अर्थ ढालीआड उभं राहणं. फॉलस्टाफला हे आवडलं असतं.

उधारीची काठी

आधी एक गैरसमज. ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात नायकाच्या घरी जुनी ढाल असल्याचं सांगितलंय, ती ‘आदार्गा’. ऐकायला सख्खी बहीण वाटते, पण ती अरबी ‘दरका’वरून आलेली, मूर लोकांची कातडी ढाल. या नात्यात तिची गणना नको.

स्पॅनिशमधली खरी नातलग ‘तार्खा’. एकाच शब्दाखाली स्पॅनिश कोशात तीन मेलेल्या वस्तू शेजारी शेजारी आहेत : ढाल, राजा फेलिपे दुसरा याच्या काळातलं हलकं नाणं आणि उधारीची काठी.

काठी अशी. एक कांडी उभी चिरायची. एक भाग दुकानदाराकडे, एक गिऱ्हाइकाकडे. पाव उधार नेला की दोन्ही भाग एकमेकांना चिकटवून धरायचे आणि सुरीनं दोन्हींवर मिळून एकच खाच पाडायची. महिनाअखेरीला खाचा जुळवून हिशेब. दुकानदारानं घरी बसून एक खाच वाढवली तर ती गिऱ्हाइकाच्या भागावर नसते. गिऱ्हाइकानं एक खाच तासून काढली तर दुकानदाराकडे असते. लिहिता-वाचता न येणाऱ्या दोघांमधला हा करार, आणि त्यात खोट काढणं अवघड.

तार्खाची धाकटी ‘तार्खेता’. हीसुद्धा आधी ढालच होती, पण लढाईची नव्हे. उत्सवांत, मिरवणुकांत सरदार आपलं चिन्ह आणि ब्रीद रंगवलेली चिमुकली ढाल मिरवत. मी कोण ते सांगणं एवढंच तिचं काम. मग तेच काम कागदाकडे गेलं आणि तार्खेता झाली भेटीचं कार्ड. भेटायला गेलं, माणूस घरी नसला तर कार्ड ठेवून यायचं. स्वतः आलो होतो, नोकराला धाडलं नव्हतं हे दाखवायला कोपरा दुमडायचा. ती रीत गेली. पोस्टकार्डही तार्खेताच, तेही चाललं. क्रेडिट कार्डही तार्खेता. म्हणजे उधारीच्या काठीचं काम फिरून त्याच घराण्यात आलं, फक्त खाच आता बँक पाडते आणि आपल्याकडे जुळवून बघायला दुसरा भाग नसतो.

फुटबॉलमध्ये पिवळी आणि तांबडी तार्खेता पहिल्यांदा १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात आली. इंग्रज पंच केन ॲस्टन यांची ही कल्पना. त्या स्पर्धेत तांबडी कुणालाच दाखवावी लागली नाही. विश्वचषकातली पहिली तांबडी १९७४ मध्ये चिलीच्या कार्लोस कास्सेलीला मिळाली. ही तार्खेता धडधाकट आहे.

मेक्सिकोत तार्खा म्हणजे स्वयंपाकघरातलं सिंक. त्याच्याही प्रकृतीला काही झालेलं नाही.

काळी कड

पोर्तुगीजमध्ये ‘तार्झा’ म्हणजे कड, किनार, पट्टा. घरात मृत्यू झाला की पत्रं काळ्या किनारीच्या कागदावर लिहायची, पाकिटालाही काळी किनार. दुःख ताजं असताना किनार रुंद, महिने जातील तशी अरुंद. आपल्याकडे मयताच्या बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडायचे, तसंच हे, उघडण्याआधीच कळावं. ब्राझीलमध्ये आता काळी तार्झा औषधाच्या खोक्यावर असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि नोंदीशिवाय न मिळणाऱ्या गोळ्यांच्या. झोपेच्या, मन शांत करण्याच्या गोळ्यांना लोक ‘काळी तार्झा’ असंच म्हणतात.

आणि बँकेच्या कार्डामागचा काळपट चुंबकीय पट्टा, तोही तार्झा. आयबीएममधल्या फॉरेस्ट पॅरी या इंजिनिअरनं १९६० च्या सुमारास तो प्लास्टिकवर चिकटवला. कुठल्याच गोंदानं जमेना तेव्हा बायको म्हणाली, इस्त्रीनं लावून बघू, आणि लागला, अशी हकिकत सांगतात. २०२१ मध्ये मास्टरकार्डनं जाहीर केलं, की २०२४ पासून बहुतेक देशांत नव्या कार्डावर या पट्ट्याची सक्ती राहणार नाही आणि २०३३ पर्यंत त्यांच्या कुठल्याच क्रेडिट-डेबिट कार्डावर तो नसेल. जाण्याची तारीख आधी जाहीर झालेली ही या यादीतली एकमेव वस्तू.

इटलीतल्या पाट्या

इटलीत शब्द जसाच्या तसा राहिला : तार्गा. ढालीवरून पाटी. डॉक्टर-वकिलांच्या दारावरची पितळी पाटी, कुणी कुठे जन्मला-वारला ते सांगणारी भिंतीवरची संगमरवरी पाटी, समारंभात बक्षीस म्हणून द्यायची पाटी. सिसिलीतला धनाढ्य घरचा मुलगा विन्चेन्झो फ्लोरिओ (१८८३ ते १९५९) याला मोटारींचं वेड होतं. १९०६ मध्ये त्यानं मादोनिए डोंगरातल्या रस्त्यांवर शर्यत सुरू केली आणि बक्षिसाच्या पाटीवरूनच तिला नाव दिलं, तार्गा फ्लोरिओ. पहिल्या वर्षी १४८ किलोमीटरचे तीन फेरे होते. अलेस्सांद्रो काग्नोनं इताला गाडीतून ती जिंकली तेव्हा साडेनऊ तास झाले होते. फ्लोरिओंची मार्साला दारू, आगबोटी, फाविन्याना बेटावरचं टूना माशांचं पकडणं आणि डबे भरणं, हे सगळं वैभव पुढे हातातून गेलं. शर्यत राहिली.

ही शर्यत बंद मैदानावर नव्हती. गावांतून, घरांच्या उंबऱ्यांना घासून गाड्या जात. लोक भिंतींवर आवडत्या स्पर्धकाचं नाव चुन्यानं लिहीत. सगळ्यात जास्त लिहिलं गेलेलं नाव पालेर्मोच्या नीनो वाक्कारेल्लाचं. हा शाळेचा मुख्याध्यापक. एरवी शाळा सांभाळायची आणि त्या एका रविवारी डोंगरात गाडी हाणायची. १९६५, १९७१ आणि १९७५ मध्ये तो जिंकला. परदेशी स्पर्धकांना हजारभर वळणं पाठ करावी लागत, त्याला ती लहानपणापासून ठाऊक. १९७३ नंतर शर्यत जागतिक अजिंक्यपदातून वगळली गेली. १९७७ मध्ये एक गाडी प्रेक्षकांत घुसली, दोघे गेले, शर्यत मध्येच थांबवली. त्यानंतर वेगाची तार्गा फ्लोरिओ झाली नाही. त्या नावानं रॅली होते, जुन्या गाड्यांच्या फेऱ्या होतात, हौशी लोक जमतात. पण उंबरा ओलांडायच्या आधी कान देऊन ऐकायची वेळ आता तिथल्या बायकांवर येत नाही.

पोर्शनं ही शर्यत ११ वेळा जिंकली. १९६५ मध्ये त्यांनी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात एक उघडी गाडी मांडली. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येईल अशी तेव्हा हवा होती, म्हणून बसणाऱ्याच्या डोक्यामागे स्टीलचा रुंद कमानदार पट्टा घातला. गाडी उलटलीच तर डोकी वाचावीत. त्या गाडीला नाव दिलं तार्गा, शर्यतीवरून. एवढं फिरून शब्द पुन्हा माणसाचं रक्षण करायला लागला, तोही कुणी ठरवलेलं नसताना. नव्वदच्या दशकात ती कमान काढून सरकतं काचेचं छप्पर आलं. २०१४ मध्ये कमान परत आणली.

रोजच्या बोलण्यात मात्र इटलीत तार्गा म्हणजे गाडीची नंबरप्लेट. १९२७ पासून तिच्यावर प्रांताची दोन अक्षरं असत. मिलानला दोन, तोरिनोला दोन, नेपल्सला दोन. रोमला मात्र चार, नाव पूर्ण लिहायचं, ही राजधानीची ऐट. सुट्टीत समुद्रावर गेलं की पोरं पाट्या वाचून कोण कुठून आलं ते सांगत, आणि मोठी माणसं त्यावरून कोण कसं चालवणार याचे आडाखे बांधत. गाडी दुसऱ्या प्रांतात विकली की पाटी बदलावी लागे. १९९४ मध्ये सगळ्या देशाला एकच क्रम लागू झाला आणि प्रांत गेले. लोकांना ते रुचलं नाही. १९९९ मध्ये कडेच्या निळ्या पट्टीत प्रांताची अक्षरं परत आली, हवी त्यानं लावावीत अशी. अलीकडे तर जुन्या गाड्यांना जुन्या नमुन्याची पाटी पुन्हा मिळावी यासाठी कायदा करावा लागला. काळ्या पाटीची जुनी फियाट विकायला निघाली, की जाहिरातीत इंजिनाचं काय ते नंतर येतं. पाटी मूळची आहे हे आधी लिहिलेलं असतं.